उन्हाळ्यातील उमेदवारी आणि रयतेची मुले



परीक्षा आटोपल्या म्हणजे पूर्वी आपली मुले नांगरटीला, भट्टीवर किंवा मागावर घरच्यांस हातभार लावीत. हल्ली पदवी-पदविकेच्या वर्गांतील मुलांस कॉलेजवाले सांगतात की, सुटीत एखाद्या मोठ्या कंपनीत जाऊन महिना-दोन महिने काम शिकून या. ह्यास इंटर्नशिप म्हणतात. नाव नवे, पण वस्तू जुनी. आपल्या वाडवडिलांच्या बोलीत ती उमेदवारीच होय. मुलास अशा उमेदवारीला धाडावे की नाही, असे पुष्कळ पालक आम्हांस विचारतात. आमचे उत्तर असे की, काम शिकणे केव्हाही चांगले. पण बिनपगारी उमेदवारी ही गरिबाच्या पोरास बाहेर टाकणारी चाळण आहे.

इंग्रजी अमदानीत कचेऱ्यांतून बिनपगारी उमेदवार बसत आणि जागा रिकामी झाली की त्यांची वर्णी लागे. कुणब्या-माळ्याच्या मुलास तेथे उघड मज्जाव नव्हता. पण पगाराशिवाय महिनोन्‌महिने बसावयाचे तर शहरात नातलगाचे घर हवे आणि आत ओळखीचा कारकून हवा. ह्या दोन्ही गोष्टी कोणापाशी होत्या, हे सांगावयास नको. सरकारी खजिना रयतेच्या घामातून भरतो आणि उच्च शिक्षणाचा लाभ मात्र वरचे वर्ग घेतात, हे जोतीराव फुले यांनी १८८२ साली हंटर कमिशनपुढे स्वच्छ मांडले. चाळणीची जाळी पुढे बदलली. चाळण गेली नाही.

आमच्या शाळेतून पुढे गेलेला एक लोहाराचा मुलगा यंत्र-अभियांत्रिकीची पदविका करीत आहे. गेल्या उन्हाळ्यात तो पुण्याजवळच्या एका मोठ्या कारखान्यात आठ आठवडे होता. त्याने सांगितले ते असे. प्रथम यंत्रापाशी कसे उभे राहावे आणि अपघात होऊ लागला तर कोणते बटण दाबावे, हे शिकविले. मग सामानाच्या कोठीत नट-बोल्ट मोजावयास बसविले. पुढे नकाशा वाचणे, मायक्रोमीटरने माप घेणे, झालेले काम वहीत टिपणे, हे आले. माल बिघडला तर माणसावर न ओरडता बिघाडाचे मूळ शोधतात, हे त्यास फार आवडले. भोजनगृहात सर्व जातींची माणसे एका टेबलावर जेवतात, तेही आवडले. मात्र पहिल्याच दिवशी दोघा-तिघांनी नाव ऐकून पुन्हा आडनाव विचारले.

त्याच दिवशी एका बड्या अधिकाऱ्याचा भाचाही आला होता. त्यास नकाशे काढण्याच्या खात्यात खुर्ची मिळाली. ह्यास कोठी मिळाली. शेवटचे तीन आठवडे एक कामगार रजेवर होता, त्याचे काम ह्यानेच केले. कंपनीने दुपारचे जेवण व बसची सोय दिली. रोख काही नाही. खोलीचे भाडे व रात्रीची खाणावळ ह्यांसाठी बापाने दोन शेळ्या विकल्या. कोणी त्याचा अपमान केला नाही, दारात अडविले नाही. पण त्याच्याच वर्गातला, त्याच्याइतकेच गुण मिळविणारा एक विणकराचा मुलगा घरी राहिला, कारण त्याच्या घरी विकावयास शेळ्या नव्हत्या.

कोणी म्हणेल, शिकावयास मिळते, वर पैसे कशाला? रजेवरच्या कामगाराचे काम जो करतो, त्याच्या श्रमास मोल नाही काय? १९६१ चा शिकाऊ उमेदवारांचा कायदा करार केलेल्या उमेदवारास विद्यावेतन देण्यास सांगतो आणि इजा झाल्यास भरपाईची जबाबदारी मालकावर टाकतो. कॉलेजच्या चिठ्ठीवर सुटीत जाणाऱ्या मुलाशी असा करार सहसा होत नाही. मग कायदा त्याच्या काय कामाचा? केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२४ मध्ये पंतप्रधान इंटर्नशिप योजना सुरू केली, तेव्हा ५०० मोठ्या कंपन्यांतील उमेदवारांस दरमहा ५,००० रुपये ठरविले. त्याच वर्षी महाराष्ट्र सरकारने आपल्या युवा कार्य प्रशिक्षण योजनेत बारावी झालेल्यास ६,०००, आयटीआय वा पदविका झालेल्यास ८,००० आणि पदवीधरास १०,००० रुपये ठरविले. म्हणजे उमेदवारास पोट असते, हे सरकारने कबूल केले. पण ह्या योजना शिक्षण आटोपलेल्यांसाठी आखल्या. सुटीतला विद्यार्थी त्यांत बसला नाही.

आणि खरी अडचण बिऱ्हाडाची आहे. शाळेचे दार उघडे असून भागत नाही, खेड्यातल्या मुलास शहरात रात्री पाठ टेकावयास जागा लागते, हे शाहू महाराजांनी ओळखले आणि १९०१ पासून कोल्हापुरात वसतिगृहांमागून वसतिगृहे उभी केली. १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढणारे कर्मवीर भाऊराव पाटील त्याआधी किर्लोस्करांचे लोखंडी नांगर विकीत गावोगाव हिंडले होते. कारखाना व शाळा ही एकमेकांची वैरी नव्हेत, हे त्यांस पक्के ठाऊक होते.

तेव्हा आमचे मागणे साधे आहे. कॉलेजे सुटीत वसतिगृहे रिकामी करून कुलपे लावतात, ती मे-जूनमध्ये उमेदवारांस उघडी ठेवावीत. मुलींची तर आधी. आपल्या समाजांची बोर्डिंगे व कार्यालये ज्या शहरांत आहेत, त्यांच्या चालकांनी चार-चार मुलांची सोय पत्करावी. कंपन्यांनी विद्यावेतन द्यावे, कोणते काम शिकविणार ते लेखी द्यावे आणि उमेदवारांची निवड जाहिरात देऊन, गुण पाहून करावी. पालकांनीही एक जपावे: उमेदवारी मिळवून देतो म्हणून जो पैसे मागेल, किंवा काम न करता नुसता दाखला विकील, त्यास दारात उभे करू नये. मुलाने रोज काय शिकले ते वहीत लिहावे व घरी आल्यावर बापास वाचून दाखवावे. भट्टीवरचा बाप लोखंडाच्या रंगावरून त्याचा ताव ओळखतो. मुलाने त्या विद्येची लाज धरू नये.

शेवटी एक गोष्ट कंपनीवाल्यांस. राज्याचे औद्योगिक विकास महामंडळ १९६२ साली निघाले, आणि त्यानंतर ज्या वसाहतींत कारखाने उभे राहिले, तेथे पुष्कळ ठिकाणी पूर्वी रयतेची शेते होती. जमीन घेताना कोणी रयतेस आडनाव, ओळख किंवा शहरातले घर विचारले नाही. तिची मुले आता शिकावयास येत आहेत. त्यांसही ते विचारू नये.