मापात पाप नको

कापडाच्या पेढीवर मोजमापाला जे स्थान आहे, ते अन्य कशालाही नाही. ठाणातून कापड फाडताना बोटभरही कमी जाऊ नये, याची शिकवण व्यापारी घरातील मुलाला गादीवर बसू लागतो त्याच दिवशी मिळते. माप कमी-अधिक करणे, म्हणजेच हीनाधिकमानोन्मान, हा अचौर्य अणुव्रताचा अतिचार मानला आहे. मराठीतही म्हणच आहे, मापात पाप नको. अमरावतीच्या जवाहर गेट परिसरातील पेठ असो की अकोल्याचा कापड बाजार, दुकानाची पत या एका गोष्टीवर उभी असते.

परंतु त्याच घरातील स्त्री स्वतःसाठी अंतर्वस्त्र घ्यायला निघते, तेव्हा मापाचा हा सारा विवेक उंबरठ्याच्या आत राहतो. दुकानात पुरुष गिऱ्हाईक नाही असे पाहून ती आत शिरते. हलक्या आवाजात ‘चौतीस द्या’ म्हणते. खोका उघडतो, रंग पाहिला जातो, वस्तू कागदात गुंडाळली जाते आणि दोन मिनिटांत व्यवहार संपतो. तो ‘चौतीस’ हा आकडा कुठून आला? लग्नाच्या वेळी थोरल्या जावेने किंवा वहिनीने अंदाजाने सांगितलेला असतो. मध्यंतरी दोन बाळंतपणे झाली, वजन वाढले, कधी उतरले, पण आकडा तोच राहिला. साडीच्या ब्लाऊजसाठी शिंप्याकडे तीन-तीनदा माप देणारी स्त्री या वस्त्रासाठी एकदाही फीत हाती घेत नाही.

याची किंमत काय मोजावी लागते, ते वरवर पाहता कळत नाही. तेरा-चौदा वर्षांची मुलगी शाळेत धावण्यात पुढे असते, खो-खोच्या संघात असते. एका वर्षी ती खेळ सोडते. घरात कारण सांगितले जाते की अभ्यास वाढला. खरे कारण ती आईलाही सांगत नाही. धावताना दुखते, मुलांच्या नजरा जाणवतात आणि यावर उपाय आहे हे तिला कोणी सांगितलेले नसते. चाळिशीतील गृहिणीला डॉक्टर साखर किंवा रक्तदाब पाहून रोज पाऊण तास भरभर चालण्याचा सल्ला देतात. ती आठ दिवस वडाळी किंवा छत्री तलावाकडे जाते आणि नवव्या दिवशी घरी बसते. खांद्यावर पट्ट्यांचे वळ उठलेले असतात, मान भरून आलेली असते, वक्षाखाली घामोळे आणि खाज असते. दोष मात्र ती आपल्या आळसाला देते.

एकाच वर्षातील दोन घटना

अमरावतीचे श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ मध्ये स्थापन झाले. वैद्य बंधूंनी रोवलेल्या या संस्थेच्या चमूने १९३६ साली बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी भारतीय खेळांची प्रात्यक्षिके सादर केली. आज तेथे मुलीही व्यायामाचे आणि खेळांचे शिक्षण घेतात. योगायोग असा की त्याच १९१४ च्या नोव्हेंबर महिन्यात अमेरिकेत मेरी फेल्प्स जेकब या तरुणीला आधुनिक ब्रेसियरचे पेटंट मिळाले. आखडलेल्या कॉर्सेटला कंटाळून तिने दोन हातरुमाल आणि फीत जोडून ते वस्त्र बनविले होते.

व्यायाम करणाऱ्या स्त्रीचा विचार व्हायला मात्र आणखी सहा दशके लागली. १९७७ मध्ये अमेरिकेतील व्हरमाँट येथे लिसा लिंडाल या धावण्याची आवड असलेल्या स्त्रीने पॉली स्मिथ आणि हिंडा मिलर या दोघींच्या साहाय्याने पहिली स्पोर्ट्स ब्रा तयार केली. पुरुष खेळाडू वापरतात तसे दोन आधारपट्टे एकमेकांना शिवून त्यांनी पहिला नमुना सिद्ध केला होता. आपल्याकडे तालमीत उतरणारा मल्ल लंगोट कसल्याशिवाय आखाड्यात पाऊल टाकत नाही आणि त्यात कोणाला संकोचही वाटत नाही. मुलीच्या व्यायामालाही तिच्या शरीरानुरूप आधार लागतो, एवढीच ही साधी गोष्ट आहे.

आपल्या आजी-पणजीची चोळी तिच्या अंगाच्या मापानेच शिवलेली असे. पुढची गाठ हवी तशी सैल वा घट्ट बांधता येई. तयार वस्त्र आले आणि गाठीची जागा आकड्याने घेतली. म्हणून तो आकडा नीट समजून घेणे अगत्याचे झाले.

आधार कशाला आणि कोणाचा

स्तनांमध्ये स्वतःचे स्नायू नसतात. मेद, दुग्धग्रंथी, त्वचा आणि आतील बारीक तंतू यांवर त्यांचा तोल सांभाळला जातो. या तंतूंना, त्यांचे वर्णन करणाऱ्या अ‍ॅस्टली कूपर या इंग्रज शल्यविशारदाचे नाव मिळाले आहे. धावताना स्तनांची हालचाल केवळ वर-खाली होत नाही. डावीकडे-उजवीकडे आणि मागे-पुढेही होते. इंग्लंडच्या पोर्ट्समथ विद्यापीठात या हालचालीचा अनेक वर्षे अभ्यास झाला आहे. आधार अपुरा असेल तर या तिहेरी हालचालीने वेदना होतात आणि शरीर नकळत चालण्याची ढब बदलते. खांदे पुढे झुकतात, पाठ वाकते.

बहुसंख्य स्त्रिया समजतात की भार खांद्यावरच्या पट्ट्यांनी उचलायचा असतो. येथेच चूक होते. भाराचा मोठा वाटा वक्षाखालून पाठीमागे जाणाऱ्या आडव्या पट्ट्याने पेलायचा असतो. खांदपट्टे केवळ तोल राखतात. खालचा पट्टा सैल असला की स्त्री खांदपट्टे आवळत जाते, मागचा पट्टा पाठीवर वर सरकतो आणि खांद्यावर चर पडतात. जिच्या खांद्यावर असे चर आहेत, तिने नवे वस्त्र घेण्याआधी माप तपासावे.

फीत हाती घ्यावी

माप घ्यायला दहा मिनिटे आणि शिंप्याची फीत पुरते. आरशासमोर सरळ उभे राहावे. श्वास सोडून वक्षाच्या अगदी खाली, पाठीमागे फीत खाली-वर न होता आडवी राहील अशी लावून माप घ्यावे. हे पहिले माप. मग वक्षाच्या सर्वांत उंच भागावरून, न आवळता, दुसरे माप घ्यावे. आकडा पहिल्या मापावरून ठरतो. ए, बी, सी, डी ही अक्षरे दोन्ही मापांतील फरकावरून ठरतात. साधारणपणे फरक एकेका इंचाने वाढला की अक्षर एक पायरी पुढे जाते.

येथे एक गोम आहे. वस्त्रावरचा ‘३४’ म्हणजे छातीखालचे ३४ इंच नव्हेत. आपल्याकडील बहुतेक वेष्टनांवर ३४ या आकड्यासमोर छातीखालचे माप सुमारे ७५ सेंटिमीटर, म्हणजे साडेएकोणतीस इंचांच्या आसपास, छापलेले असते. ३२ साठी ते सुमारे ७० आणि ३६ साठी ८० असते. कंपन्यांच्या तक्त्यांत थोडा फरक पडतो. म्हणून आकडा पाठ करण्यापेक्षा आपली दोन मापे सेंटिमीटरमध्ये कागदावर लिहून न्यावीत आणि वेष्टनावरील तक्त्याशी ताडून पाहावीत.

दुसरी गोम अशी की अक्षर एकट्याने काहीच सांगत नाही. ३६ बी आणि ३४ सी यांच्या वाटीत सारखाच आकार मावतो, फक्त पट्टा एक पायरी घट्ट होतो. पट्टा सैल पण वाटी बरोबर वाटत असेल, तर आकडा एक पायरी खाली आणि अक्षर एक पायरी वर घ्यावे. ‘डी’ म्हणजे काहीतरी अवाढव्य, असा समज मनातून काढून टाकावा. बारीक अंगाच्या मुलीलाही ३२ डी लागू शकते.

घालून पाहताना चार गोष्टी पडताळाव्यात. पट्ट्याखाली दोन बोटे जेमतेम शिरावीत आणि पट्टा पाठीवर आडवा राहावा. दोन्ही वाट्यांमधला भाग छातीच्या हाडाला टेकावा. काठावरून अंग बाहेर येऊ नये, तशा वाटीला सुरकुत्याही पडू नयेत. हात वर केले असता पट्टा जागचा हलू नये. नवी वस्तू सर्वांत बाहेरच्या, म्हणजे सैल हुकावर बरोबर बसली पाहिजे. इलॅस्टिक पुढे सैलावते, तेव्हा आतले हुक उपयोगी पडतात.

नित्याची वेगळी, व्यायामाची वेगळी

नित्याच्या वापरासाठी आणि व्यायामासाठी एकच वस्त्र पुरत नाही. योगासने, संथ चालणे यांना हलका आधार चालतो. भरभर चालणे, सायकल, मुक्तागिरीच्या पायऱ्या चढणे, साध्वीजींच्या विहारात सोबत चालणे यांना मध्यम आधार हवा. धावणे, दोरीवरच्या उड्या, कबड्डी, खो-खो यांना पुरा आधार आवश्यक आहे.

स्पोर्ट्स ब्राचे मुख्यतः दोन प्रकार आहेत. पहिली सपाट, अंगाशी दाबून धरणारी. ती लहान बांध्याला आणि हलक्या व्यायामाला पुरते. दुसरीत दोन स्वतंत्र वाट्या असतात आणि ती प्रत्येक बाजूला वेगळा आधार देते. भरल्या अंगाच्या स्त्रीने हीच घ्यावी. रुंद खांदपट्टे आणि मागे हुक असतील तर उत्तम. विकत घेण्यापूर्वी दुकानातील खोलीत जागच्या जागी चार उड्या मारून पाहाव्यात. त्यात लाजण्यासारखे काही नाही. श्वास पूर्ण घेता येतो की नाही, हेही तेव्हाच पाहावे. घट्ट म्हणजे गुदमरवणारे नव्हे. एकावर एक दोन ब्रा घालणे किंवा ओढणी कसून बांधणे हा उपाय नव्हे, त्याने केवळ श्वास आखडतो.

वऱ्हाडचे ऊन आणि कापड

एप्रिल-मे महिन्यांत अकोल्याचा पारा ४४-४५ अंशांपर्यंत जातो. अशा उन्हात दिवसभराच्या वापरासाठी या कपाशीच्या मुलखातील सुती कापडासारखे दुसरे नाही. रेशीम वर्ज्य मानणाऱ्या घरांनाही ते सोयीचे. व्यायामात मात्र सूत घाम शोषून ओलेच राहते आणि अंगाला घासते. तेथे घाम बाहेर टाकून लवकर वाळणारे मिश्र धाग्याचे कापड घ्यावे आणि व्यायाम संपताच ते बदलावे.

अंतर्वस्त्रे टॉवेलाखाली लपवून, अंधाऱ्या कोपऱ्यात वाळत घालण्याची रीत घरोघरी आहे. त्यामुळे ती दमट राहतात आणि वक्षाखाली बुरशीचा संसर्ग होतो. ती मोकळ्या हवेत पूर्ण वाळली पाहिजेत. सौम्य साबणाने हाताने धुवावीत, पिळू नयेत. कडक उन्हाने इलॅस्टिक लवकर मरते, म्हणून वारा खेळणारी सावली उत्तम. तीन-चार आलटून-पालटून वापरावीत. शेवटच्या हुकावरही पट्टा सैल राहू लागला की त्या वस्त्राचे आयुष्य संपले असे समजावे. वर्षातून एकदा, तसेच बाळंतपणानंतर, दीर्घ तपस्येनंतर किंवा वजन बदलल्यावर माप पुन्हा घ्यावे.

काही समज, काही सावधगिरी

ब्रा घातल्याने कर्करोग होतो, ही भीती निराधार आहे. अमेरिकेतील सिएटल येथे पंधराशेहून अधिक स्त्रियांचा अभ्यास होऊन २०१४ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाला, त्यात असा कोणताही संबंध आढळला नाही. काळ्या रंगाविषयीचा समजही तसाच पोकळ आहे. रात्री घालावी की नाही, हा केवळ सोयीचा प्रश्न आहे. योग्य वस्त्राने वेदना आणि त्रास कमी होतो, परंतु वयानुसार होणारे बदल ते थांबवीत नाही. तशी जाहिरात दिसली तर तिच्यावर विसंबू नये. उलट गाठ लागणे, स्तनाग्रातून स्राव येणे, त्वचा ओढली जाणे, एकाच जागी सतत दुखणे, यांपैकी काहीही आढळले तर वस्त्र बदलून पाहत बसू नये, विनाविलंब डॉक्टरांना दाखवावे. शस्त्रक्रियेत स्तन काढावा लागलेल्या भगिनींसाठी विशेष वस्त्रे मिळतात, त्याविषयी शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांकडेच विचारणा करावी.

शेवटी दोन कर्तव्ये उरतात. पहिले आईचे. मुलगी दहा-अकरा वर्षांची झाली की तिने विचारण्याची वाट न पाहता आईने, आजीने किंवा मोठ्या बहिणीने तिच्याशी सहजपणे बोलावे, माप कसे घ्यायचे ते शिकवावे आणि खेळासाठी एक वेगळे वस्त्र आणून द्यावे. तो खर्च बुटांच्या जोडाइतकाच आवश्यक मानावा.

दुसरे कर्तव्य पेढीचे. समाजातील अनेक कुटुंबांची तयार कपड्यांची दुकाने आहेत. तेथे अंतर्वस्त्रांच्या विभागात एक जाणती स्त्री असावी, फीत असावी, पडदा नीट लागणारी खोली असावी आणि मोजके चार आकडे न ठेवता सर्व मापांचा माल असावा. गिऱ्हाइकाला न बसणारी वस्तू केवळ साठ्यात आहे म्हणून तिच्या गळ्यात मारणे हेही मापातले पापच ठरते. जेथे स्त्रीला मान खाली न घालता आपले माप सांगता येते, तेथे ती पुन्हा येते, आपल्या मुलीलाही घेऊन येते. आणि ती मुलगी दुसऱ्या दिवशी पुन्हा मैदानावर उतरते.