महासाथ, कलावंतांचे घर आणि लांबणीवर पडलेले लेखन

करोनाच्या महासाथीने मराठी साहित्याला काय दिले, याचा हिशेब आता मांडला जाऊ लागला आहे. टाळेबंदीतील कविता, रोजनिशा, दीर्घकथा यांची नोंद होते आहे, आणि तिच्यामागे एक गृहीत वावरते : २५ मार्च २०२० पासून लेखक-कलावंतांना, सक्तीचा का होईना, एकान्त लाभला. पतिपत्नी दोघेही कलावंत आणि मूल लहान, अशा घरापुरते तरी हे गृहीत टिकत नाही.

शाळा बंद, घरकामाची बाई येईनाशी, आजी-आजोबांकडे मूल सोपविण्याचीही सोय नाही. महाराष्ट्रात प्राथमिक वर्ग प्रत्यक्ष भरण्यास डिसेंबर २०२१ उजाडला. नाट्यगृहे मधले काही महिने निम्म्या प्रेक्षकांवर चालली, ती वगळता २२ ऑक्टोबर २०२१ पर्यंत बंदच होती. रंगकर्मी दांपत्याची दोन्ही उत्पन्ने एकदमच थांबली. शिवाय प्रत्येक कलेला लागणारा वेळ वेगळ्या जातीचा असतो. कविता भाजी चिरतानाही मनात घोळू शकते (निदान कवी तसे म्हणतात). पण मुलाचा वर्ग मोबाइलवर चालू असताना शेजारच्या खोलीत मोकळ्या गळ्याने रियाज करता येत नाही. मग कोणाचे काम थांबविण्याजोगे ठरते? महासाथीपूर्वी, २०१९ मध्ये झालेल्या राष्ट्रीय पाहणीनुसार बिनपगारी घरकाम करणाऱ्या स्त्रियांची त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटे जात होती, पुरुषांची ९७. कलावंतांची घरे याला अपवाद असावीत, असे मानण्यास मला आधार दिसत नाही.

मराठीला हा प्रश्न नवा नाही. १८९६ साली मुंबईत शिरलेला प्लेग, तीही जागतिक महासाथच, पुढे नगरला पोहोचला. लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रे'त प्लेगच्या छावणीतील शुश्रूषेचे दिवस आहेत, मुलांचे संगोपन आहे, आणि लहर लागली की घर सोडून निघणारे, कवितेत रमलेले नारायण वामन टिळकही आहेत. प्रसंगाप्रसंगांनी पुढे सरकणारी या ग्रंथाची रचना म्हणजे संसारात तुकड्यातुकड्यांनी मिळालेल्या वेळेची निष्पत्ती होय, असे म्हणण्याचा मोह अभ्यासकाला होतो. मी स्वतः वर्गात तसे शिकविले आहे. ते बरोबर नव्हते. टिळक १९१९ मध्ये वारले. 'स्मृतिचित्रे'चा पहिला भाग १९३४ मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हा लक्ष्मीबाईंनी पासष्टी ओलांडली होती आणि मुले केव्हाच मोठी झाली होती. संसाराने त्यांच्या गद्याला घाट दिला असे सिद्ध करणे अवघड आहे; त्याला उशीर लावला, हे मात्र सनावळीवरूनच दिसते.

समीक्षेने समोर असलेल्या कृतीचाच विचार करावा, असा आक्षेप येथे घेतला जाईल. मूल्यमापनापुरता तो मान्य. पण वाङ्मयेतिहास कालक्रमावर उभा असतो, आणि २०२०-२१ मध्ये अर्धवट राहिलेले नाटक २०३५ मध्ये आले, तर त्या पंधरा वर्षांचा अर्थ लावण्यासाठी आपल्यापाशी काय असेल? त्या काळातील कलावंत दांपत्यांच्या मुलाखती आज घेणे शक्य आहे. त्या घेताना पतीला लेखनावरील प्रभाव आणि पत्नीला मुलांची देखभाल, अशी प्रश्नांची वाटणी आपल्या संशोधकांनी करू नये. अमुक प्रकरण लिहिताना मूल कोणाजवळ होते, हे दोघांनाही विचारावे, आणि उत्तर लेखनाच्या तारखेसोबत नोंदवून ठेवावे.