मॉनिटर म्हणजे शिक्षक नव्हे

प्राथमिक वर्गातील मुलांमधून नेतृत्व घडवावे, याला माझा विरोध नाही. वह्या गोळा करणे, मागे पडलेल्या सोबत्याकडून पाढे म्हणवून घेणे ही कामे आठ वर्षांचे मूल आनंदाने करते. (फळ्यावर बोलणाऱ्यांची नावे लिहिणे मात्र नेतृत्व नव्हे, ती हवालदारी झाली.) माझी हरकत आहे ती या उपक्रमाआड शिक्षकाची रिकामी खुर्ची लपवण्याला.

ही युक्ती जुनी आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस मद्रासच्या एग्मोर येथील अनाथालयात अँड्र्यू बेल यांनी मुलांकरवीच मुलांना शिकवले, १७९७ साली त्यावर पुस्तिका लिहिली, आणि ही ‘मद्रास पद्धत’ इंग्लंडात फोफावली. कारण उघड होते : ती स्वस्त होती.

त्याच तमिळ प्रांतात, एकेकाळी तंजावरच्या मराठ्यांच्या राज्यात मोडलेल्या कुंभकोणमला, १६ जुलै २००४ रोजी मध्यान्ह भोजनाच्या चुलीची आग शाकारलेल्या छपरावरून शाळेच्या वर्गांत शिरली. ९४ मुले दगावली. दाटीवाटीचे वर्ग, अरुंद जिना. तेथे मॉनिटरने काय करावे अशी आपली अपेक्षा आहे? धुरातून चिमुरड्यांना बाहेर काढणे हे पगारी, प्रशिक्षित, प्रौढ माणसाचेच काम.

२००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने साठ मुलांपर्यंत किमान दोन शिक्षक ठरवून दिले. ती पदे आधी भरा. आणि तपासणीच्या नमुन्यात एक रकाना वाढवा : मॉनिटर वर्ग सांभाळत होता तेव्हा शिक्षक कोठे होते, किती वेळ, कोणाच्या आदेशाने. खाली मुख्याध्यापकांची सही.