येथे खेळू (न)ये

"हल्लीची मुलं खेळतच नाहीत हो, सारखी त्या मोबाइलमध्ये तोंड खुपसून बसलेली!" हे वाक्य गेल्या महिन्याभरात मी निदान सहा जणांच्या तोंडून ऐकलं. त्यातले तिघं आमचे नातेवाईक आहेत (नावं घेत नाही, ज्याचं त्याला कळेल) आणि उरलेले तिघं आमच्या सोसायटीच्या कमिटीवर आहेत. नातेवाइकांचं ठीक आहे, ते लांब राहतात. पण या तिघांपुढे मी हात टेकले. कारण पार्किंगच्या खांबावर निळ्या पत्र्यावर पांढऱ्या अक्षरांत "येथे खेळू नये" असं रंगवून घेणारे हेच ते तिघं!

म्हणजे मुलांनी मोबाइल बघायचा नाही आणि खालीही खेळायचं नाही. मग करायचं काय? भिंतीला टेकून वाढायचं?

आमच्या घरी असे दोन जीव वाढतायत. थोरले चिरंजीव आठ वर्षांचे, तिसरीत. धाकटे पाच पूर्ण. दोघांना दोन तास घरात कोंडलं की काय होतं त्याचा हा मागच्या एका रविवारचा अहवाल. सोफ्याच्या गाद्या, चार उशा आणि सौ.ची पैठणी ठेवायची पेटी मिळून रायगड उभा राहिला. धाकटे हिरकणी झाले आणि कडा उतरताना टीपॉयवर आले. त्यानंतर कणकेच्या डब्यात तीन डायनासोर पुरण्यात आले आणि अर्ध्या तासाने त्यांचं उत्खनन झालं. उत्खननाला टूथब्रश लागतो हे थोरल्याने कुठेतरी पाहिलंय. ब्रश माझा होता. मग दोघांनी दोरीउडीच्या दोरीने समोरासमोरच्या दोन फ्लॅटच्या कड्या एकमेकींना बांधल्या. आमच्या खाली खजिनदारकाका राहतात, ते तणतणत वर आले. "वर काय घोडे बांधलेत का हो?"

म्हटलं, "काका, घोडेच आहेत. पण बांधायची कल्पना तुमच्या कमिटीची."

काका हसले नाहीत. ते सहसा हसत नाहीत.

माझं म्हणणं एवढंच आहे की या पोरांना 'दंगेखोर' ठरवून खालचा खेळ बंद करणं म्हणजे कुकरची शिट्टी दाबून धरून, कुकर फारच आवाज करतो अशी तक्रार करणं. पाच ते सतरा वर्षांच्या मुलांनी दिवसाला सरासरी ६० मिनिटं तरी चांगली दमछाक होईल अशी हालचाल करावी, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचना सांगतात. आता ६० मिनिटांची दमछाक दोन बेडरूमच्या फ्लॅटमध्ये कशी बसवायची? आम्ही बसवतो. तिचा आवाज खजिनदारकाकांना जातो.

पाटीची गंमत सांगायची राहिली. पाटी लागल्यावर आठवड्याभरात त्यातला 'न' गायब झाला. नीट त्या एकाच अक्षरावर छोटा भीमचं स्टिकर! उरलं काय, तर "येथे खेळू ये". आठ वर्षांच्या मुलाने नकाराचं आमंत्रण करून टाकलं आणि तेही एक स्टिकर खर्चून. हे काम कुणाचं ते मला विचारायचीही गरज पडली नाही, कारण ते स्टिकर आमच्याच फ्रिजवरून गेलं होतं. कमिटीने 'सोसायटीच्या मालमत्तेचे विद्रूपीकरण' म्हणून मला दोनशे रुपयांची पावती फाडली. मी भरले. व्याकरणाची ट्यूशन याहून महाग पडते. :)

असो. मुद्द्यावर येतो.

"अहो, मग क्लास लावा की!" हा सल्ला नेहमीचा. लावलाय ना. हिरव्या कृत्रिम गवतावर, आठवड्यातून दोनदा, फुटबॉल. जायला यायला स्कूटरवर चाळीस मिनिटं, खेळणं पंचेचाळीस मिनिटं, त्यातली पंधरा रांगेत उभं राहून आपला नंबर यायची वाट बघण्यात. सर चांगले आहेत, तक्रार नाही. पण तिथे शिट्टी सरांची, टीम सरांनी पाडलेली, भांडण झालं तर निकालही सरांचाच. पोरांनी फक्त पाय हलवायचे.

आणि खाली? खाली 'कच्चा लिंबू' आहे! आपण सगळे कधी ना कधी कच्चा लिंबू होतो, पण ही केवढी मोठी सोय आहे याचा विचार कुणी केलाय का? धाकट्याला पळता येत नाही, पण खेळायचं तर असतं. त्याला घेतलं नाही तर तो भोकाड पसरणार, घेतलं तर डावाची वाट लागणार. मग पोरंच ठरवतात, हा कच्चा लिंबू. तो पकडला गेला तरी त्याच्यावर राज्य येत नाही, बॅटिंगला आला तर पहिल्या बॉलला आऊट धरत नाहीत. हा कायदा कुणी मोठ्याने लिहून दिलेला नाही. आणि यातली खरी मजा म्हणजे एक दिवस तो कच्चा लिंबूच म्हणतो, "मी नाही आता लिंबू, मला खरं घ्या." आमच्या धाकट्यांनी ही मागणी दिवाळीच्या सुट्टीत केली. दहा मिनिटं वाद झाला, मतदान झालं, आणि तो खरा भिडू झाला. लगेच त्याच्यावर राज्य आलं आणि तो रडला, पण परत लिंबू व्हायला तयार झाला नाही. फुटबॉलच्या क्लासमध्ये हे कुठल्या बॅचला शिकवतात?

पार्किंगमधल्या क्रिकेटचे नियमही बघा. एक टप्पा एक हात आऊट. गाडीला लागला की आऊट. गच्चीवर किंवा कुणाच्या बाल्कनीत गेला की आऊट, आणि जो मारेल तो आणेल. यातला निम्मा कायदा शेजाऱ्यांच्या काचा वाचवायलाच केलेला आहे. कमिटीच्या पाटीपेक्षा त्याचं पालन जास्त होतं.

विरोधी पक्षाचं म्हणणं मी ऐकलंय आणि त्यातलं काही खरंही आहे. पहिल्या मजल्यावर एक आजोबा अंथरुणाला खिळलेले आहेत, त्यांची दुपारची झोप मोडू नये. मान्य. गाडी मागे घेताना लहान मूल दिसत नाही, हे तर भीतीदायकच आहे. पण या दुसऱ्या कारणासाठी मुलांना हटवायचं आणि गाड्यांना नाही, हे कुणी ठरवलं? आमच्याकडे फ्लॅट चाळीस आणि गाड्या साठाच्या वर. एका गाडीला साधारण अडीच मीटर बाय पाच मीटर जागा लागते. बॅडमिंटनचं अख्खं कोर्ट १३.४ मीटर बाय ६.१ मीटर. म्हणजे सात गाड्यांच्या जागेत एक कोर्ट! त्यातल्या निम्म्या गाड्या आठवडाभर कव्हर घालून झोपलेल्या असतात. त्यांची झोप मात्र कुणी मोडायची नाही.

आता कायद्याचं. खेळणं हा मुलांचा हक्क आहे असं संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क करारात, कलम ३१ मध्ये, लिहिलेलं आहे आणि भारताने तो १९९२ साली स्वीकारलाय. ते फार लांबचं वाटत असेल तर जवळचं घ्या. मुंबई सोडून बहुतेक राज्याला लागू असलेली २०२० ची एकत्रीकृत विकास नियमावली चार हजार चौरस मीटर आणि त्याहून मोठ्या भूखंडावर दहा टक्के जागा मनोरंजनासाठी मोकळी सोडायला सांगते. आमची सोसायटी त्याआधीची, पण आमच्याही मंजूर नकाशात मागच्या बाजूला मोकळी जागा दाखवलेली आहे. मी नकाशा मागवून पाहिला. आज तिथे पेव्हर ब्लॉक आहेत, आणि कमिटीचा नवा प्रस्ताव असा की त्यावर पिवळे पट्टे मारून पाहुण्यांसाठी पार्किंग करावं. पाहुणे! म्हणजे जे महिन्यातून एकदा येऊन "हल्लीची मुलं खेळतच नाहीत" म्हणतात ते!

हा विषय सप्टेंबरमधल्या वार्षिक सभेपुढे येतोय. माझी सूचना लेखी दिली आहे. मागची जागा मोकळी, तिथे एकही गाडी नाही. रोज संध्याकाळी पाच ते साडेसात खेळ, दुपारी अजिबात नाही. बॉल प्लास्टिकचा. काच फुटली तर पालकांनी भरायची, त्याबद्दल कुरकुर नाही. आतापर्यंत अकरा सह्या मिळाल्यात आणि त्यातल्या चार तर ज्यांना मुलंच नाहीत अशांच्या आहेत. पहिल्या मजल्यावरच्या त्या आजोबांनीही सही केली. हात थरथरत होता, तरी पूर्ण नाव लिहिलं, आणि म्हणाले की साडेसातचे आठ करा, उन्हाळ्यात उजेड असतो.