खऱ्या चायनीजच्या नानाची टांग!

मला भाचे पुष्कळ आहेत. पण त्यातला एक कोलकात्याला नोकरीला असतो आणि म्हणून त्याला चायनीजमधलं कळतं. गेल्या पावसाळ्यात तो घरी आला तेव्हा मोठ्या हौसेनं मी त्याला आमच्या खोपटला एस.टी. डेपोजवळच्या गाडीवर नेलं. गाडी लाल, गाडीवरचा ड्रॅगन लाल, चटणी लाल, आणि दोन घासांनंतर माझं नाकही लाल. हाफ मंच्युरियन आणि एक चायनीज भेळ मागवली. भाच्यानं एक चमचा तोंडात घातला आणि रुसलेल्या जावयासारखी बशी पुढे सारली.

"मामा, हे खरं चायनीज नव्हे!"

वाचकहो, या 'खरं' शब्दाचा मला जुना राग आहे. आता मंच्युरियनच घ्या. मांचुरिया हा चीनच्या ईशान्येचा मुलूख, पण हा पदार्थ काही तिथला नाही. कोलकात्यात जन्मलेल्या नेल्सन वँग नावाच्या चिनी आचाऱ्यानं 1975 साली मुंबईच्या क्रिकेट क्लबात तो पहिल्यांदा केला, असं सांगतात. आलं, लसूण, हिरवी मिरची आपली. गरम मसाल्याच्या जागी सोया सॉस. म्हणजे मंच्युरियनचं माहेर चर्चगेट! तिथून लोकलनं ठाण्याला यायला त्याला कितीसा वेळ लागणार?

शेजवानची तर आणखी गंमत. शेजवान म्हणजे चीनमधला सिचुआन प्रांत. तिथल्या रश्शात जीभ बधिर करणारा जो मसाला पडतो, तो आपल्या तिरफळाचा चुलतभाऊ. म्हणजे खऱ्या शेजवानच्या जवळपास कुणी पोचलंच असेल, तर बांगड्याच्या तिखल्यात तिरफळं टाकणारी माझी आजी. गाडीवरच्या चटणीत तिरफळ औषधालाही नसतं.

आणि एकादशीच्या खिचडीचं काय? साबुदाण्याचा कंद, शेंगदाणा, बटाटा, मिरची ही चारही मंडळी मूळची अमेरिका खंडातली. त्यांच्यावर आपण निर्जळीच्या खालोखाल पुण्य मिळवतो. तेव्हा कुणी म्हणत नाही, "काकू, हा खरा उपास नव्हे!"

हे सगळं मी भाच्याला ऐकवलं. तो म्हणाला, "ते राहू दे, एकदा तिरेट्टा बाजारात चल."

गेलो की! हिवाळ्यात पहाटे, अर्धवट झोपेत, कानटोपी घालून. लालबाजारजवळ ही कोलकात्याची जुनी चिनी वस्ती. रस्त्याच्या कडेला ताजा नाश्ता मांडतात आणि उन्हं वर यायच्या आत आवरून जातात. वाफाळलेला बाव खाल्ला. तो म्हणजे मोदकानं पावाशी लग्न केलं आणि आत सारणाऐवजी खिमा निघाला. माशाच्या गोळ्यांचं सूप प्यालो. दिसायला आजाऱ्याला देतात तसं पांचट, पण दोन घोट पोटात गेले आणि झोप पार कलकत्ता सोडून गेली. शुमाई खाल्ली, सॉसेज खाल्लं. खोटं कशाला बोलू? झकास होतं. भाचा विजयी मुद्रेनं बघत होता.

पण विकणाऱ्यांत चिनी चेहरे फार थोडे. मी विचारलं, "अरे, तुझी ती खरी मंडळी कुठायत?"

"बरीचशी कॅनडाला गेली, मामा."

का गेली, हे त्यानं नंतर चहा पिता पिता सांगितलं. पोटापाण्यासाठीही गेली, पण सुरुवात 1962 ची. चीनशी युद्ध झालं आणि आपल्याच सरकारनं तीन हजारांच्या आसपास चिनी वंशाची माणसं, बायकापोरांसकट, राजस्थानात देवळीच्या छावणीत नेऊन ठेवली. त्यांतली कित्येक इथंच जन्मलेली. कुणी बंगाली बोलणारं, कुणी असमिया. शेवटची माणसं सुटली 1967 साली. परत येऊन बघतात तर कुणाचं घर लिलावात गेलेलं, कुणाचं दुकान.

माझा चहा गार झाला. त्या वेळीही कुणीतरी असाच एक चमचा तोंडात घालून म्हटलं असणार, "हे खरं भारतीय नव्हे!" आणि बशी पुढे सारली असणार. बशीत मंच्युरियन असेल तर बिघडत नाही, गाडीवाला दुसरं गिऱ्हाईक बघतो. बशीत माणूस असला म्हणजे?

त्या माणसांना आपण घालवलं आणि त्यांचा सॉस तेवढा ठेवून घेतला. आता वर तोंड करून म्हणतो, सॉस खरा नाही!

म्हणून सांगतो, गाडीवाल्याला जरूर बोला. तेल जुनं आहे म्हणा, रंग कमी घाल म्हणा, बशी नीट धू म्हणा. ती भांडणं मीही रोज करतो. पण 'खरं' आहे का, हे तेवढं विचारू नका.

भाचा परवा पुन्हा आला होता. रात्रीच्या गाडीला निघताना मला हळूच म्हणाला, "मामा, ते खोटं एक हाफ पार्सल मिळेल का?"