हमाली म्हणजे तालीम नव्हे

“त्याला कशाला हवा व्यायाम? दिवसभर पोती उचलतो तो!” हे वाक्य नेहमी कौतुकाने म्हटलं जातं, म्हणून त्यातली चूक कुणाला बोचत नाही. अंगमेहनत हाच खरा व्यायाम आणि जिममधले दंड नुसते फुगवलेले, असं हे मत.

त्यात तथ्य नाही असं नाही. मार्केट यार्डात गाडी खाली होताना बघा. वाकलेल्या पाठीवर ५० किलोचं पोतं येतं, हमाल गुडघ्यांत किंचित दबतो, हात मागे नेऊन पोत्याचा कान धरतो आणि अरुंद फळीवरून थप्पीपर्यंत जातो. जिममध्ये याच्या दुप्पट वजन उचलणारा तरुण त्या फळीवर डगमगेल. एका वेळी किती स्नायुतंतू कामाला लावायचे, हे मज्जासंस्था सरावाने शिकते. नव्याने व्यायाम करणाऱ्याची ताकद पहिल्या काही आठवड्यांत दंडाचा घेर फारसा न वाढताही वाढते, ती यामुळेच. अंगाला जे काम लावाल, त्याचीच ताकद येते. पण म्हणून जिममधला दंड पोकळ ठरत नाही. जाड झालेल्या तंतूत जोर लावणारी प्रथिनंच वाढलेली असतात.

खरा घोळ पुढे आहे. स्नायू भरतो तो वजन खाली ठेवल्यावर. भारी व्यायामानंतर नवी प्रथिनं घडण्याचा वेग एखादा दिवस, कधी दोन दिवस चढा राहतो. त्या काळात पोटाला अन्न हवं, शरीराला झोप हवी. कोल्हापूरच्या तालमींना हे प्रयोगशाळेवाचून ठाऊक होतं. पहाटे जोर-बैठका, हौद्यातल्या लाल मातीत लढत, मग दूध, तूप, बदामाची थंडाई आणि दुपारची गाढ झोप. वस्ताद नव्या पोराला पहिल्या दिवशी हजार जोर मारायला लावत नाही, आकडा हळूहळू चढवतो. आणि पैलवानाच्या झोपेला तिथे कुणी आळस म्हणत नाही.

हमालाला यातलं काय मिळतं? पोत्याचं वजन वर्षानुवर्षं तेच, त्यामुळे स्नायूला वाढायचं कारण लवकरच संपतं. झीज मात्र रोजची. ऊसतोड कामगाराचं तर विचारूच नका. कोयता दिवसभर एकाच हातात, मोळी डोक्यावर, आणि ट्रक रात्री आला तर भरायचाही रात्रीच.

डेन्मार्कचे संशोधक आंद्रेआस होल्टरमन यांनी हाच विरोधाभास मांडला आहे: फावल्या वेळातली हालचाल आरोग्याला जे देते, ते कामावरची मेहनत देत नाही. कामाचे तास लांब, विसावा अपुरा, थांबायची मुभा नाही, ही त्यांनी सांगितलेली कारणं. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९६७ सालीच एका पुरुषाने उचलायच्या ओझ्याला ५५ किलोंची मर्यादा सुचवली. हमालांच्या कामाला नियम घालून देणारा माथाडी कायदा आपल्याकडे १९६९चा. ‘कामातच व्यायाम होतो’ असं मानणाऱ्याला मात्र असल्या मर्यादांची गरजच वाटत नाही, आणि मला राग येतो तो याचा. हमालाला दुपारचे दोन तास आणि पोटभर दूध-अंडी द्यायला हवीत, तिथे आपण त्याच्या पिळदार अंगाचं कौतुक करून मोकळे होतो.

आमच्या गल्लीत तीस वर्षं हमाली केलेले एक काका राहतात. पोटऱ्या अजून दगडासारख्या. उजवा हात मात्र खांद्याच्या वर जात नाही. सदऱ्याची बाही काकू चढवतात.