काढायची की करून घ्यायची?

'ह्या गाडीत अठ्ठावन्न हजार घालणार? वेडी आहेस का तू?'

जुन्या गाडीचं एस्टिमेट ऑफिसच्या कॅण्टीनमध्ये नुसतं मोठ्याने वाचून दाखवा, ही प्रतिक्रिया गॅरण्टीड! आणि मजा म्हणजे असं म्हणणाऱ्या कुणीही गाडी पाहिलेली नसते. गाडी किती साली घेतली आणि बिल किती आलं, एवढ्या दोन आकड्यांवर निकाल लागतो. तिसरा आकडा कुणी विचारतच नाही. ही गाडी काढली, तर पुढची दोन वर्षं मला कितीला पडतील?

माझी गाडी नोव्हेंबर २०११ ची. पेट्रोल, छोटी हॅचबॅक, बेसिक व्हेरियंट. मी तिची दुसरी मालकीण. मीटरवर एक लाख अठरा हजार किलोमीटर. कंपनीचं नाव सांगत नाही, कारण आज तिला जे झालंय ते वयामुळे झालंय. एवढ्या वयाची कुठलीही गाडी थोड्याफार फरकाने हीच यादी हातात ठेवेल. क्लच सेट साडेनऊ हजार. पुढचे शॉकअप, लोअर आर्म, बुश, लिंक रॉड मिळून १४,२००. रेडिएटर आणि वॉटर पंप ८,३००. एसीचा कॉम्प्रेसर १७,५००. खालचा पत्रा गंजलाय म्हणून रनिंग बोर्डचं काम ८,९००. टोटल ५८,४००. सर्व्हिस सेंटरमधल्या मुलाने कागद दिला आणि फार प्रेमाने विचारलं, 'मॅडम, सरांना विचारून सांगता का?' (आरसी माझ्या नावावर आहे. सरांना गाडीचं बॉनेट कुठून उघडतं तेही धड माहीत नाही. असो.)

तर आता तो फेमस फंडा. दुरुस्तीचा खर्च गाडीच्या किमतीच्या निम्म्यावर गेला की गाडी काढून टाकायची. माझ्या गाडीला बाजारात पंचाण्णव हजार येत होते. म्हणजे ह्या हिशेबाने ती कधीच भंगारात! पण ही निम्म्याची रेघ मारली कुणी? विमा कंपन्यांकडे अशी एक रेघ आहे, ती त्यांच्या कामाची आहे. अपघातानंतरच्या दुरुस्तीचा खर्च गाडीच्या आयडीव्हीच्या, म्हणजे विम्यात धरलेल्या किमतीच्या ७५ टक्क्यांवर गेला की ते गाडी 'टोटल लॉस' धरतात. त्यांना तुम्हाला पैसे देऊन मोकळं व्हायचं असतं. तुम्हाला मात्र सोमवारी सकाळी कुठल्या तरी गाडीत बसायचं असतं. तुमचा हिशेब वेगळा असायलाच हवा ना?

म्हणून मी एका रविवारी वही घेऊन बसले. नवऱ्याच्या मनात नवी गाडी होती. त्याचा मुद्दा अगदीच फालतू नव्हता. सप्टेंबर २०२५ मध्ये छोट्या गाड्यांवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ वर आला, वरचा सेसही गेला. शोरूममध्ये साडेसहा लाखांची म्हणून दाखवतात ती गाडी घरी आणायची, तर महाराष्ट्रात पेट्रोल गाडीला अकरा टक्के रोड टॅक्स आहे, वर विमा. साडेसात लाखांच्या आसपास जाते. अडीच लाख खिशातून घातले आणि पाच लाखांचं कर्ज नऊ टक्क्यांनी पाच वर्षांसाठी काढलं, तर हप्ता जवळजवळ १०,३८० रुपये. हे सगळे सांगतात. न सांगितलेला भाग पुढे आहे. विमा कंपन्यांच्या तक्त्यात गाडीची किंमत पाच वर्षांत निम्म्यावर येते. साडेसहा लाखांचे सव्वातीन. म्हणजे गाडी पार्किंगमध्ये नुसती उभी राहून दर वर्षी सरासरी ६५ हजार रुपये खाते, आणि हे खाल्लेले पैसे कुठल्याही बिलावर छापून येत नाहीत. अठ्ठावन्न हजारांचं एस्टिमेट छापून येतं म्हणून त्याची भीती वाटते!

अर्थात तुम्ही वर्षाला पंधरा-वीस हजार किलोमीटर गाडी मारत असाल, रोज हिंजवडी किंवा चाकण करत असाल, तर हे गणित बदलेल. जुनी गाडी महिन्यातून एकदा रस्त्यात बसली की रजा जाते, टो करायचे पैसे जातात, बॉसचा मूड जातो. आमचं तसं नाही. मी वनाझहून मेट्रोने जाते, नवरा बाइकवर. गाडी लागते ती सासऱ्यांना फिजिओथेरपीला न्यायला, भाजी-किराणा, पावसाळा आणि वीकेण्ड. वर्षाला फार तर सहा हजार किलोमीटर.

पण खरं कारण वेगळंच होतं. येत्या जूनपासून मला नोकरी सोडून समुपदेशनाचा दोन वर्षांचा कोर्स करायचाय. हे घरात ठरून वर्ष झालं. घराचा हप्ता एका पगारात बसतो, हेही आम्ही चारदा तपासलंय. त्यात गाडीचा हप्ता घातला की बसत नाही. दोन वर्षांचे होतात २,४९,१२० रुपये. म्हणजे शोरूममध्ये सही करताना मी गाडीच्या कागदांवरही सही करणार होते आणि राजीनामा न देण्याच्या कागदावरही. नवऱ्याला मी हे असंच्या असं बोलून दाखवलं. तो गप्प झाला. मग म्हणाला, 'अगं, पण एअरबॅगचं काय?'

ह्या प्रश्नाला माझ्या वहीत उत्तर नव्हतं, आणि जुन्या गाडीची बाजू घेणाऱ्या कुणाकडेच ते नसतं. एबीएस आपल्याकडे एप्रिल २०१९ पासून सक्तीचं झालं, ड्रायव्हरची एअरबॅग त्याच वर्षी जुलैपासून. माझ्या बेसिक मॉडेलमध्ये दोन्ही नाहीत आणि कुठल्याही गॅरेजमध्ये त्या मागाहून धड बसवून मिळत नाहीत. कितीही पैसे ओता, २०११ ची गाडी २०११ चीच राहते. मग आम्ही सरळ गाडीचं कार्यक्षेत्र ठरवून टाकलं. शहरातच चालवायची. एक्स्प्रेस-वेवर न्यायची नाही. मुंबईला शिवनेरी आहे, रेल्वे आहे. साताऱ्याला आईकडे जायचं तर भाड्याने नवी गाडी घ्यायची. वर्षातून पाच-सहा वेळा तेवढं परवडतं. आठवड्यातून दोनदा हायवे करावा लागत असता, तर मी हा लेख लिहिलाच नसता. हप्ता भरत बसले असते.

एवढं ठरल्यावरही गाडी लगेच कामाला टाकली नाही. आधी ती आमच्या कर्वेनगरच्या गॅरेजवाल्या काकांकडे नेली. 'दुरुस्ती नंतर. आधी हिला असं काही झालंय का बघा, की जे करण्यात अर्थ नाही,' असं सांगितलं. काका खूश झाले. म्हणाले, 'ताई, लोक उलटं करतात. आधी क्लच टाकतात, मग इंजिन बसतं.'

त्यांनी काय पाहिलं ते लिहून ठेवते, तुम्हाला उपयोगी पडेल. गाडी गरम करून ऑइलचं झाकण उघडलं. तिथून भकाभका धूर येत असेल तर त्याला गॅरेजच्या भाषेत 'बॅक मारणं' म्हणतात, म्हणजे पिस्टनच्या रिंगा गेल्या. झाकणाच्या आत दुधाळ साय दिसली तर ऑइलमध्ये पाणी शिरत असण्याची शंका. मग स्पार्क प्लग काढून प्रत्येक सिलिंडरचं कॉम्प्रेशन मोजलं. चारही आकडे एकमेकांच्या जवळपास हवेत. सायलेन्सरमधून निळसर धूर म्हणजे इंजिन ऑइल जळतंय. माझी ह्या सगळ्यांत पास! शेवटी गाडी लिफ्टवर घेतली आणि काकांनी स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाने पत्रा टोचायला सुरुवात केली. माझ्या जिवाचं पाणी. पण हीच तपासणी सगळ्यात महत्त्वाची. ह्या गाड्यांना ट्रकसारखी वेगळी चेसिस नसते, पत्र्याची बॉडीच सगळा भार घेते. पुढचे शॉकअप जिथे बॉडीला बसतात ती जागा किंवा दाराखालची पट्टी आतून कुजली असेल, तर वरून रंग मारून काहीही होत नाही. अशी गाडी समुद्रकाठी राहिलेली असेल तर जास्तच सांभाळून. माझ्या डाव्या रनिंग बोर्डवर गंज होता, पण टोक आरपार गेलं नाही. वरवरचा होता. शॉकअपच्या जागा ठणठणीत.

आता गंमत एसीची. सर्व्हिस सेंटरने कॉम्प्रेसर बदलायला सांगितला होता. काकांनी ओळखीच्या एसीवाल्याला बोलावलं. त्याने नायट्रोजनचं प्रेशर भरून साबणाचा फेस लावला, तर बुडबुडे कंडेन्सरवर! कॉम्प्रेसरला काही झालंच नव्हतं. कंडेन्सर आणि गॅस मिळून साडेपाच हजार. सर्व्हिस सेंटर फसवत होतं असं मी म्हणणार नाही. तिथे अख्खा पार्ट बदलायची पद्धत असते आणि तीन वर्षांच्या गाडीला ती ठीकही आहे. पंधरा वर्षांच्या गाडीला असा माणूस हवा, ज्याला आधी लीक शोधायचा धीर आहे.

पार्ट नाना पेठेतून आणले. क्लच आणि ब्रेकला हात लावायचा तर नामांकित कंपनीचाच माल, हा काकांचा नियम. रबरी बुश मात्र त्यांनी स्वतः दाबून, वास घेऊन निवडले. क्लच सात हजार, सस्पेन्शन अकरा, रेडिएटर-पंप ६,२००, एसी साडेपाच, पत्र्याची डागडुजी २,८००. टोटल ३२,५००. चोवीस महिन्यांवर पसरलं तर महिन्याला साधारण १,३५० रुपये. दोघांच्या मल्टिप्लेक्सच्या एका ट्रिपला पॉपकॉर्नसकट एवढे जातात.

मधल्या काळात कुणी कुणी तिसरा रस्ताही सुचवला. ही विकून दोन-अडीच लाखांची दुसरी जुनी घे. मला हा सगळ्यात धोक्याचा वाटतो. माझ्या गाडीची दुखणी मला पाठ आहेत. दुसऱ्याच्या गाडीची दुखणी त्याला पाठ आहेत, आणि म्हणूनच तो ती विकतोय!

पंधरा वर्षांबद्दल मात्र दोन शब्द, कारण ह्यात लोकांचा फार घोळ होतो. 'पंधरा झाली की गाडी बंद' हा समज दिल्ली परिसरातल्या बंदीच्या बातम्यांतून आलेला आहे. आपल्याकडे खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. त्यानंतर आरटीओत तपासणी करून ती पाच-पाच वर्षांसाठी वाढवून मिळते. अर्ज नमुना २५ मध्ये, मुदत संपायच्या आधीच्या साठ दिवसांत करायचा. एप्रिल २०२२ पासून ह्याची फी सहाशेवरून पाच हजारांवर गेली, शिवाय महाराष्ट्रात पर्यावरण कर भरावा लागतो. वीस वर्षं उलटलेल्या गाडीला ऑगस्ट २०२५ पासून ही फी दहा हजार आहे. हा खर्च हिशेबात आधीच धरा. मी धरलाय. आणि पेट्रोलमध्ये आता वीस टक्के इथेनॉल असतं, तेव्हा जुन्या गाडीचे इंधनाचे रबरी पाइप आणि सील ह्या निमित्ताने बघून घ्या. माझा एक पाइप बोटाने दाबल्यावर भेगा दाखवत होता. तो काकांनी न विचारता बदलला आणि बिलात लावला नाही.

गाडीवरचं हे प्रेम कुठवर ताणायचं, तेही लिहून फ्रिजवर लावलंय. अक्षर नवऱ्याचं. गिअरबॉक्स गेला, इंजिन उघडायची वेळ आली किंवा शॉकअपच्या जागी गंज दिसला तर गाडी विकायची, त्या दिवशी चर्चा नाही. दर महिन्याला पाच हजार वेगळ्या आरडीत टाकायचे. त्यातून किरकोळ कामं, आरटीओची फी, आणि उरले तर पुढच्या गाडीची सुरुवात. पगार एक झाल्यावर पाचाचे तीन होतील, ते चालेल. आरडी थांबवली तर बँक कर्जासारखी मागे लागत नाही.

गेल्या मंगळवारी गाडी घरी आली. क्लच लोण्यासारखा लागतोय, कर्वे रोडच्या सिग्नलला पाय दुखत नाही. सासरे पुढच्या सीटवर बसून एसीचं तोंड स्वतःकडे वळवून घेतात. मागच्या उजव्या दाराची काच मात्र तशीच आहे, हाताने धरून वर ओढावी लागते. काका अठराशे सांगत होते. मी नको म्हटलं.